चिंधी गुंडाळलेलं काडतूस

कोल्हारच्या त्या बागायतदाराची आठवण आली की अजून माझं डोकं फिरतं. लढाईचे दिवस होते. प्रवरेकाठच्या उसात रानडुकरांनी नुसता उच्छाद मांडलेला, आणि ह्याच्या विलायती रायफलीला काडतूस मिळेना. गप्प बसावं की नाही माणसानं? नगरच्या छावणीतून कुणाकडून तरी चोरून फौजेची काडतुसं आणली. ती ह्या रायफलीत सैल बसायची, डुगडुगायची. मग स्वारी आमच्या दारात.

आमचे हे गावचे शिंपी. काडतुसाला चिंधी गुंडाळून घट्ट करून दे, म्हणाला. आमच्याकडे जुन्या ठासणीच्या बंदुकीत दारू, चिंध्या, खिळे, हाताला येईल ते कोंबायची रीत होती. त्यामुळे ह्यांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही, दिली गुंडाळून. पण रायफलीला ते चालत नाही. काडतूस घट्ट, बेताचं बसलं नाही तर त्याचं पितळ फाटतं आणि जाळ उलटा उडवणाऱ्याच्या तोंडावर येतो. हे आम्हाला कळलं दवाखान्यात.

उसातून डुकरं हाकून बाहेर काढायच्या हाक्यात पहिली गोळी नेहमी बागायतदाराची. तो त्याचा मान. दुसऱ्या कुणी चापाला बोट लावायचं नाही. त्या दिवशी मात्र मेल्यानं उदार होऊन तो मान ह्यांना दिला आणि आपण लांब बाभळीमागे जाऊन उभा राहिला. आमचे हे भोळे सांब, फुगून गेले. चाप ओढला आणि बार मागे फुटला. उजवा डोळा गेला. सुई कशी ओवायची हो ह्या माणसानं?

नगरच्या दवाखान्यात बागायतदार आला, पण त्याला काळजी बंदुकीची. फौजदार चौकशीला येणार होता. छावणीची काडतुसं निघाली असती तर बंदूक जप्त झाली असती. तेव्हा ह्यांना म्हणाला, ‘नळीत चिखल गेला होता, माझीच हयगय झाली, असं तू सांग.’ हे मान हलवायच्या बेतात होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पदर सावरून मी म्हणाले, “मालक, त्यातलं एखादं काडतूस उरलं असंल की. आना. मी चिंधी गुंडाळून देते, तुमी उडवा. मग आमी म्हनू, चिखल हुता.”

बागायतदार चपला घालून चालता झाला. फौजदार आल्यावर ह्यांनी झालं ते सगळं सांगितलं.