लाट मधोमध धरायची

फोन आला तवा मी राई गावात, आमच्या अंगणात बसून बोंबील साफ करत होते. हात ओले, म्हणून सुनेनं फोन कानाला लावला. विजयाताईंची लेक मृणाल बोलत होती. "मावशी, आई गेली... पहाटे, झोपेतच." मी म्हणलं, बरं. उरलेले बोंबील साफ केले, हात धुतले, लुगडं बदललं आणि भाईंदरला निघाले. लोक म्हणतात ही बाई रडत न्हाय. नवरा गेला तवाबी असंच म्हणाले. रडते मी, पण हातातलं काम झाल्यावर.

हे मी सांगतेय आणि मृणाल लिहून घेतेय. माझी शाळा दुसरीपर्यंतच झाली. तिला म्हणलं, माझं हाय-न्हाय तसंच ठेव, सुधरू नको. ती हसली... आईवर गेलीय हसण्यात.

ताई पहिल्यांदा भेटल्या त्या भांडतच. नवरा तापानं गेला, होडी विकावी लागली, मग मी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन भाईंदर पूर्वेला बिल्डिंगा चढायला लागले. लिफ्ट न्हाय, आणि ज्या बिल्डिंगीला लिफ्ट तिथं वॉचमन बोलायचा, "मच्छी लेके लिफ्ट में नहीं." ताई वरच्या मजल्यावर, मुंबईतनं नुकत्याच राहायला आलेल्या. सुरमईचा कल्ला उघडून बघायच्या, नाक लावायच्या, मग बोट दाबायच्या. मी म्हणलं, "ताई, मासा घेताय का त्याला दवाखान्यात भरती करताय?" त्या बोलल्या, "तपासल्याशिवाय मी काहीच घेत नाही. नवराही तपासूनच घेतला होता, तरी बिघडला." मग दोघी हसलो. त्यांचा नवरा संसार सोडून निघून गेलेला, ते मला पुढं कळलं.

ताई एका कारखान्यात मशिनं तपासायच्या खात्यात होत्या. तो बंद झाला तवा तिथला जुना स्कोप त्यांनी घरी आणला. स्कोप म्हणजे छोट्या टीव्हीसारखी हिरवी काच आणि बाजूला बटणंच बटणं. वायरीतनं जी वीज पळते तिची लाट त्या काचेवर दिसते. मग त्यांनी इंडस्ट्रियल इस्टेटीत गाळा घेतला भाड्यानं आणि होड्यांवरचे इन्व्हर्टर, वायरलेस असलं दुरुस्त करायला लागल्या. उत्तन बंदरावरची माणसं सामान घेऊन यायची. बाई दुरुस्त करते म्हणल्यावर आधी दारातच घुटमळायची, मग सवय झाली त्यांना.

माझे गुडघे गेले तवा पाटी सुटली. घरी सून पोटुशी, मुलाला काम कधी हाय कधी न्हाय. एक दिवस खालूनच ताईंना हाक मारून सांगितलं, आता मी वर येणार न्हाय. त्या जिना उतरून खाली आल्या. "चढायचं नाही ना? मग बस. माझ्या गाळ्यात बसून काम आहे." मला वाटलं झाडलोट असंल. आधी तीच होती. मग जुने पार्ट काढायला शिकवलं, मग डाग द्यायला, म्हणजे कथील वितळवून पार्ट जोडायला. मग एक दिवस म्हणाल्या, "हिराबाई, स्कोपसमोर बस."

मी बसले. काचेवर लाट होती, पण नुसती पळत होती, एकावर एक, जाळ्यातल्या कोळंबीसारखी वळवळत. डोळे दुखायला लागले. बटणांवरची अक्षरं इंग्रजी, मला काय कळणार. मी उठायला लागले तर ताईंनी खांदा दाबून बसवलं. म्हणाल्या, "मशीन दर वेळी लाट वेगळ्या ठिकाणापासून काढतंय, म्हणून ती पळतेय. त्याला सांगायचं की दर वेळी एकाच जागेवरून सुरू कर. मग ती उभी राहते." आणि मग विचारलं, "तू होडीत कशी चढायचीस?"

आता हे मला कोण विचारणार? मी म्हणलं, पाण्यात उभं राहायचं कमरेपर्यंत, डोक्यावर पाटी. होडी वर-खाली होत असती. ती चढायला लागली की एका उंचीला पाय टाकायचा. उतरताना टाकला तर पाटीसकट पाण्यात. ताईंनी टाळी वाजवली. "हेच. ह्या बटणानं चढती की उतरती ते ठरतं. आणि ह्या गोल बटणानं किती उंचीला." गोल बटणावरची खूण पुसलेली, म्हणून त्यांनी पर्समधनं नेलपेंट काढली, त्यावर लाल ठिपका दिला. मी ठिपका फिरवला. लाट उभी राहिली. अगदी गप, भिंतीवर काढल्यासारखी.

पण मी कोळीण. होडी पार वर आली की पाय टाकायची सवय. मी ठिपका फिरवून लाटेच्या टोकाच्या उंचीला नेऊन ठेवला. ताईंनी मुद्दाम वीज कमी केली, लाट बारकी झाली आणि काच एकदम काळी. मी म्हणलं, गेली. "गेली नाही गं. तू टोकावर धरलीस, ती तिथवर पोचत नाही आता. मधे धर. लहान झाली तरी सापडते." ठिपका मधे आणला, आणि होती की लाट. बारकी, पण होती.

त्या स्कोपला एक खटका हाय. वर केला की ऑटो, खाली केला की नॉर्मल. ऑटोवर लाट न्हाय धरली तरी काचेवर काहीतरी दिसत राहतं. नॉर्मलवर धरल्याशिवाय काच काळी. ताई कायम नॉर्मलवर ठेवायच्या. मी विचारलं, भीती न्हाय वाटत काळ्या काचेची? "उगाच दिसणाऱ्या रेघेपेक्षा बरी," म्हणाल्या. दुखणं निघालं त्यांचं, तवाबी डॉक्टरला असंच बोलल्या, गोड बोलू नका, काय आहे ते सांगा. औषधांनी हात थरथरायचा. तरी यायच्या, निघताना फडक्यानं सगळी बटणं पुसायच्या.

तेरावं झाल्यावर मृणालनं गाळा उघडला. ती बँकेत. तिला हे जमणार न्हाय, आणि ती खोटंबी बोलत न्हाय. "मावशी, मालकांना, जिग्नेशभाईंना गाळा परत द्यावा म्हणतेय. आईशिवाय कोण करणार?" मी म्हणलं, मी हाय. रेश्मा हाय. ही रेश्मा आमच्या गाळ्यात डाग देती, दोन पोरींची आई. ती कोपऱ्यात उभी राहून मला म्हणाली, "मौसी, बंद हुआ तो मैं किधर जाऊँ?" मृणालनं ते ऐकलं. म्हणाली, "एक काम करून दाखव मावशी. मग ठरवू."

टेबलावर ताईंनी अर्धं सोडलेलं इन्व्हर्टरचं बोर्ड होतं, स्कोपच्या वायरीचा चिमटाबी त्याला लावलेला. मी बोर्ड चालू केलं, स्कोप चालू केला. लाल दिवा लागला. काच तापायला वेळ घेती, म्हणून थांबलो. काच काळीच. मी चिमटा हलवून पाहिला. काळीच. मृणाल हळूच म्हणाली, "स्कोपही गेला वाटतं." मलाबी तसंच वाटलं... ताई गेल्या आणि हा मागोमाग. मी त्यांच्या खुर्चीत बसले. बसल्यावर हात आपोआप जिथं त्यांचा जायचा तिथं गेला. खटका खाली होता. वर केला. काचेवर लाटा धावायला लागल्या, वेड्यासारख्या, पण धावत होत्या. स्कोप जित्ता होता.

मग ठिपका बघितला. पार शेवटाला फिरलेला. शेवटच्या दिवशी थरथरत्या हातानं पुसताना फिरला असणार. मी तो हळूहळू मधे आणला. लाट थांबली. खटका परत खाली, नॉर्मलवर केला. लाट जाग्यावर. एका जागी तिचा खांदा तुटलेला दिसत होता, म्हणजे कुठला पार्ट बदलायचा ते कळलं. रेश्मानं बदलला. खांदा भरला.

मृणालनं वाकून काच बघितली. मग तिनं फोन काढला. "जिग्नेशभाई, चाबी अभी हमारे पासही रहने दो."

गाळा चालू हाय. रेश्माला मी स्कोपसमोर बसवते आता. ती होडीत कधी चढली न्हाय, मग मी तिला पाळण्याचं सांगितलं, पोरीचा पाळणा झुलत वर येताना कुठं हात लावतेस ते. समजलं तिला.

परवा बघितलं तर ठिपक्याचा रंग उडत चाललेला. स्टेशनजवळच्या दुकानात गेले, तसाच लाल मागितला. दुकानवाली माझी खरबरीत बोटं बघून बोलली, "आंटी, किसके लिए?" मी म्हणलं, मेरे लिए. गाळ्यात येऊन ठिपका दिला. ताईंचा खरवडला न्हाय, त्याच्यावरच दिला. वाळेपर्यंत बटणाला हात लावायचा नव्हता, म्हणून तशीच बसून राहिले, काळ्या काचेसमोर. वाळल्यावर चिमटा लावला.