उलटं बसणारे मामा

अख्ख्या आंबेगाव तालुक्यात पुढं जाताना मागं बघत बसणारा माणूस एकच, आमचे लोणीचे मामेसासरे. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशावर बॉम्ब टाकणाऱ्या विमानात होते. विमान दोघांचं. पुढं पायलट, आणि त्याच्याकडं पाठ करून, शेपटाकडं तोंड, हातात मशिनगन, असे आमचे मामा. युद्ध संपलं, विमान गेलं, पण मामांचं तोंड काही पुढं वळलं नाही. आमच्या ह्यांच्या स्कूटरवर ते उलटेच बसत आणि नारायणगाव येईपर्यंत बातम्या देत, "मागं टमाट्याचा टेम्पो, दोन बांध लांब. आता एकच बांध." हे वैतागून म्हणत, मामा, आरसा आहे की मला. त्यावर मामा, "आरसा काय गोळी घालतो व्हय?"

पदकं होती चार. देवाच्या भांड्यांबरोबर चिंच लावून ती घासायची, हा दर सोमवारचा नेम. एकाची फीत उंदरानं कुरतडली तेव्हा मी माझ्या खणाच्या चोळीचा काठ शिवून दिला, तर तेच पदक सगळ्यात वर लावायला लागले. असंच घासता घासता एकदा बोलले. शेवटच्या खेपेला विमान जंगलात पडलं होतं. मामांना नुसतं खरचटलं, पुढं बसलेले पायलट थॉमस साहेब जागीच गेले. "मागचं समदं बघितलं मी, सूनबाई. पुढं काय झालं ते, हाक मारली अन् ओ आली न्हाई, तवा कळलं."

आता आमच्याकडची लग्नं. त्यात नवरानवरीपेक्षा माईकला मान. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, पतसंस्थेचे संचालक, झालंच तर डिपॉझिट गेलेले भावी आमदार, ह्या सगळ्यांना पुकारून शाल-नारळ दिल्याशिवाय अंतरपाट धरत नाहीत, मुहूर्त गेला तरी बेहत्तर. मामा प्रत्येक लग्नाला चारी पदकं लावून हजर, पहिल्या रांगेत, खुर्ची उलटी करून. पण पद नाही म्हणून नाव नाही. एकदा तरी माईकवर पुकारावं, एवढाच त्यांचा ध्यास. आम्ही हसायचो, म्हातारपणी केवढी ही हौस.

एकोणीसशे नव्वदनंतरच्या एका उन्हाळ्यात आमच्या थोरलीचं लग्न वारूळवाडीत झालं, तेव्हा ह्यांनीच माईकवाल्याला चिठ्ठी दिली. त्या बाबानं मामांच्या हातून शत्रूची निम्मी शहरं पाडली आणि त्यांना स्टेजवर बोलावलं. मामांनी शाल घेतली नाही, माईक घेतला. मुहूर्ताला सहा मिनिटं राहिलेली.

"बॉम्ब म्या न्हाई टाकलं," मामा म्हणाले. "मी मागं बघायला व्हतो. ही शाल थॉमस साहेबांची." आणि येऊन आपल्या उलट्या खुर्चीत बसले.

'साहेब' म्हटल्यावर माईकवाला गप्प राहतो होय? "खास ह्या विवाहासाठी परदेशातून आलेले माननीय थॉमस साहेब, जिथं असतील तिथून त्यांनी स्टेजवर यावं, आपली शाल वाट बघतेय." अख्खा मांडव माना वळवून मागं दाराकडं बघायला लागला. मामा आधीपासूनच तिकडं तोंड करून बसलेले.

त्यानं दुसऱ्यांदा पुकारलं. भटजी घड्याळ दाखवत होते. मी खुणावून थांबवायला हवं होतं त्याला, पण मामांकडं बघितलं आणि माझा हातच उचलला गेला नाही. तिसऱ्यांदाही पुकारू दिलं. मामा जरा पुढं वाकून, कान देऊन बसले होते, ओ येते का म्हणून.