काळी चारचा पियानो

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, झाशीच्या रेल्वे ऑफिसात कारकून होते आणि उरलेल्या वेळात गावाचा कान होते. हे दुसरं पद त्यांनी स्वतःच स्वतःला दिलं होतं, पण कुणी हरकत घेतली नव्हती. मोजक्या मराठी घरांतल्या पेट्या आणि देवळांतले हार्मोनियम दुरुस्तीला आमच्याकडेच यायचे. सूर केसभर हलला तरी दादांच्या कपाळाला आठी पडायची. वरणात मीठ नसलं तर मात्र पत्ता लागायचा नाही, असं आई म्हणायची.

मी सातवीत असताना बातमी आली, की रेल्वेच्या क्लबात एक फ्रेंच बाई पियानो वाजवणार आहे. देशोदेशी कार्यक्रम करत ती हिंदुस्थानात आली होती. दिल्ली आणि मुंबईच्या मध्ये तिचा एक दिवस मोकळा होता, तो कुणाच्या तरी खटपटीनं झाशीच्या वाट्याला आला. क्लबात साहेबांच्या काळातला एक पियानो होता. त्याच्यावर बॅडमिंटनच्या रॅकेटी ठेवत.

"बाबूजी, ये ठीक हो जाएगा?" सेक्रेटरींनी दादांना विचारलं.

दादांनी जन्मात पियानोला हात लावला नव्हता. "सुर तो सुर है, पेटी का हो या पियानो का," ते म्हणाले. वर घरी येऊन जाहीर केलं, की त्या बाईला एक जरी सूर खटकला, तर यापुढे कुठल्याही वाद्याला हात लावणार नाही.

"बरं होईल," आई म्हणाली. "माजघर तरी मोकळं होईल."

वर्कशॉपमधल्या एका फिटरकडून दादांनी तारा पिळायची चावी करून घेतली आणि तीन आठवडे रोज संध्याकाळी क्लबात जाऊन बसले. दोनशेच्या वर तारा होत्या. त्या दिवसांत ते जेवतानाही वाटीवर चमचा मारून कान द्यायचे.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारीच बाई हॉलवर आली. दादांबरोबर आई आणि मीही गेलो होतो. उंच, आखूड पांढऱ्या केसांची, पायात साध्या चपला. दुभाषी म्हणून जवळच्या बबीन्याच्या लष्करी छावणीतून एका मेजरसाहेबांची बायको आली होती. ती मूळची साताऱ्याची. आमचं हिंदीत बुडवलेलं मराठी ऐकून ती गालातल्या गालात हसायची. आम्ही तिला मेजरीणबाई म्हणायचो.

बाईनं वाजवायला सुरुवात केली आणि तिचा चेहरा खुलला. दादांनी आमच्याकडे विजयी नजर टाकली. तेवढ्यात तिचा हात जरा दुसरीकडे गेला आणि पियानो विव्हळला, शेपटीवर पाय पडलेल्या कुत्र्यासारखा. तिनं आणखी तीन-चार ठिकाणी हात टाकून पाहिला. सगळीकडे तेच. तिनं हात मांडीवर ठेवले आणि काहीतरी विचारलं.

"हा कुणी लावला, विचारतायत," मेजरीणबाई म्हणाल्या. "आणि कोणत्या सुरापासून?"

"मी," दादा म्हणाले. "काळी चारचा सा धरला. बाकीचे सगळे त्याच्याशी जुळवले."

पेटीच्या पट्ट्या आम्ही काळी एक, काळी दोन अशा मोजतो. काळी चार ही आईच्या गाण्याची पट्टी. दादांनी साहेबांचा अख्खा पियानो आईच्या सा वर लावला होता. आई एकदम खिडकीबाहेर बघायला लागली. "निदान विचारायचं तरी," ती पुटपुटली.

मग बाईनं समजावलं. पियानोवर सा एका जागी बसत नाही, गाण्याच्या मध्येच उठून दुसरीकडे जातो. म्हणून तिच्याकडे प्रत्येक सूर मुद्दाम जरासा चुकवून लावतात, म्हणजे सगळ्यांचं सगळ्यांशी जमतं.

"म्हणजे सगळे सूर थोडे थोडे खोटे?" दादांनी विचारलं.

"अगदी थोडे. त्याशिवाय एकत्र नांदता येत नाही."

"हे आमच्या ऑफिसात चालतं," दादा म्हणाले. "सुरात नाही."

मेजरीणबाईंनी याचं काय भाषांतर केलं कोण जाणे, पण बाई खळखळून हसली. चहा पिताना म्हणाली, की व्हायोलिनवाले आपलं वाद्य काखेत मारून फिरतात, मला मात्र प्रत्येक गावात नवं सासर. दमट पियानो, उंदरांनी कुरतडलेले पियानो, सगळ्यांशी जमवून घेतलं. पण असा गोड गंधार मात्र कुठल्याच पियानोवर ऐकला नव्हता. दादांनी त्यातलं काही ऐकलं असेल असं वाटत नाही. ते त्या चावीकडे बघत बसले होते, आणि मला रडू येत होतं.

संध्याकाळी तिनं छापलेला कार्यक्रम बाजूला ठेवला आणि काळी चारच्या आसपास राहणारे छोटे छोटे तुकडे वाजवले. तरी पियानो तीनदा विव्हळलाच. त्यातल्या एका ठिकाणी पहिल्या रांगेतून जोरात "वाह!" आली. टाळ्या तर थांबेचनात. तिन्ही वेळा दादांनी मात्र मान खाली घातली.

दादांनी शब्द पाळला. चावी फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. देवळाचा हार्मोनियम आला, तो परत पाठवला. "कान गेला माझा," एवढंच म्हणाले. आईनं चार दिवस थट्टा केली, मग तीही सोडून दिली. माजघर मोकळं झालं होतं आणि तिला ते बघवत नव्हतं.

एका रविवारी दादा पेपर वाचत होते. आईनं पेटी पुढे ओढली, काळी चार दाबली, सा लावला आणि थांबली.

"अहो, सा उतरलाय," ती म्हणाली. "बघा जरा."

मी सहा वर्षं आईकडेच गाणं शिकत होते. सा उतरला नव्हता. आणि सुराच्या बाबतीत आई थट्टेतही खोटं बोलत नसे.

दादांनी पेपर खाली ठेवला. पट्टी दाबून, डोळे मिटून पुष्कळ वेळ ऐकत राहिले. मला कळलं ते त्यांना कळलं नसेल, हे शक्यच नव्हतं.

"हो," ते म्हणाले. "जरासा उतरलाय." आणि पेटीचे सूर घासायची कानस आणायला उठले.