समुद्रात पाण्याला मोताद

माझे वडील दुसऱ्या महायुद्धात जहाजावर होते. निजामाच्या मुलखातून पळून मुंबई गाठली आणि आरमारात इंजिनाच्या भट्टीवर लागले. भूम तालुक्यातल्या आमच्या कोरड्या गावाला ते कधीच पटलं नाही. त्यात एकदा पारावर ते बोलून गेले, जहाजात गोडं पाणी मापानं मिळायचं, नळाला कुलूप असायचं, अंघोळ खाऱ्या पाण्यानं. झालं! "समुद्रात ऱ्हाऊन पाण्याला मोताद!" म्हणत गाव हसलं, आणि मरेपर्यंत त्यांना 'तहानेला खलाशी' म्हणत राहिलं. हसणाऱ्यांत सगळ्यात पुढं माझा थोरला चुलतभाऊ होता.

आता गावातल्या फौजी माणसांच्या नावांचा दगड वेशीत लावायचं ठरलं, तर कारभारी तोच. मला म्हणाला, "काका फौजेत व्हते त्याचा कागद आण." कागद वाळवीनं कधीच खाल्ले होते, हे त्याला पक्कं ठाऊक.

मी बैलांचा व्यापारी. दावणीच्या एका बैलावर धंदा उभा केला. कागद नाही तर नाही, म्हटलं, आणि वडील सांगायचे ते कुठं दिसतं का म्हणून मोबाईलवर युद्धाचे जुने काळे-पांढरे इंग्रजी सिनेमे बघायला बसलो. हिरो कायम वर, दुर्बीण लावून उभा. खाली भट्टीपुढं कोण भाजून निघतंय, ते दाखवायला सिनेमावाल्यांना सवड नसते. भाषा कळत नव्हती, तरी एकामागून एक बघत गेलो. मग एका सिनेमात ते दिसलं. खलाशी पेले घेऊन रांगेत उभे, नळाला कुलूप, वाटणारा एकेकाला थोडं थोडं ओततोय. एकानं पेला पुन्हा पुढं केला, तर साहेब त्याच्यावर खेकसला. हुबेहूब आमच्या टँकरपुढची रांग. आमच्या गावाला ती कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आठवडी बाजारात चहाच्या हॉटेलात भावापुढं मोबाईल आपटला. चार व्यापारी गोळा झाले. त्यानं सगळं बघितलं, बशीतला चहा संपवला.

"शिनेमा हाय त्यो. त्यात मेलेला माणूस दुसऱ्या शिनेमात गाणं म्हणतो."

"दादा, कुलूप बघा की! तुमच्या काकांनी सांगितलेलं कुलूप हाय ते."

"काका भट्टी फुकायचे. फौजी कसले?"

"भट्टी इझली तर तुमचा दुर्बीणवाला काय पोहत जानार व्हता का?"

व्यापारी हसले. भावाचं तोंड उतरलं. मग त्यानं खांद्यावरचा रुमाल हातावर पसरला. बैलाचा सौदा आम्ही तसाच करतो. रुमालाखाली बोटं दाबायची, भाव बाहेर कुणाला कळत नाही.

"दे हात. नाव टाकतो सगळ्यात खाली. आरमार-बिरमार काय लिहायचं न्हाय. मिटवू."

आयुष्यभर मी अशा रुमालाखाली हात घातलाय, आणि कुठं सोडून द्यायचं हे मला कळतं. त्या दिवशी मी रुमाल ओढून चहाच्या बशीत टाकला.

"बाप हाय माझा. बैल न्हाय."

दगड लागला. वडलांचं नाव त्यावर नाही. सोयरे मला समजावतात, अर्धं नाव लागण्यापेक्षा न लागलेलं बरं. मी असं कधी म्हणालो? मला पुरं पाहिजे. नाव, आणि त्याच्यापुढं आरमार. भाऊ आता रस्त्यात दिसला की "काय, मिटवायचं का?" म्हणून विचारतो. मी म्हणतो, "न्हाय."