डॉक्टरांनी सोडलेलं वाक्य

आईच्या पित्ताशयात खडे निघाले, तेव्हा तिला डॉक्टरांकडून एकच वाक्य ऐकायचं होतं. काही वर्षांपूर्वी रांझीच्या याच दवाखान्यात बाबांचं अपेंडिक्स काढलं, तेव्हा हेच डॉक्टर तिला म्हणाले होते, "भाभीजी, कुछ नहीं होगा." तेवढ्यावर ती बाहेरच्या बाकावर शांत बसून राहिली होती.

या वेळी ते तसं म्हणाले नाहीत. रक्तस्राव, इन्फेक्शन, भूल देण्यातले धोके, सगळं सावकाश सांगितलं. हृदयाची एक जादा तपासणीही लिहून दिली.

"पर कुछ होगा तो नहीं ना?" आईनं विचारलं.

"रिस्क तो रहता ही है, भाभीजी."

रिक्षात ती म्हणाली, "काहीतरी लपवून राहिले ते. मी नाही करत ऑपरेशन."

घरात कॉलेजला गेलेली मी पहिली, म्हणून डॉक्टर या वेळी असं का बोलले, हे मला माहीत असेल असं बाबांना वाटलं. मला माहीत नव्हतं.

जेवण झालं की आई पोट धरून बसायची. शेवटी मी एकटीच डॉक्टरांकडे गेले आणि चाचरत विचारलं. ते म्हणाले, बाबांच्या ऑपरेशननंतर त्यांचा एक रुग्ण दगावला होता. नातेवाईक ग्राहक मंचात गेले.

"वकील ने एक ही बात पूछी. आपने कहा था ना, कुछ नहीं होगा? कहा तो था, बेटा."

निकाल त्यांच्या बाजूनं लागला, पण ते वाक्य त्यांनी तेव्हापासून सोडलं.

"आई त्याच वाक्यासाठी अडून बसली आहे," असं मी हिंदीत कसंबसं सांगितलं.

"लेके आओ उन्हें."

आईला त्यांनी पुन्हा सगळे धोके सांगितले, एकही गाळला नाही. मग म्हणाले, "भाईसाहब के टाइम आपने सांबारवडी भेजी थी. इस बार मिर्ची कम रखना."

कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो; आमच्या घरची ती वडी त्यांच्या लक्षात होती. आई त्यांच्याकडे बघत राहिली.

"अब तीखा नहीं चलता आपको?"

"उमर हो गई, भाभीजी."

बाहेर येऊन ती म्हणाली, "जा, तारीख घेऊन ये."

ते आश्वासन होतं का, मला अजून ठरवता येत नाही. ऑपरेशन नीट झालं, पण त्या सकाळी ते कुणालाच माहीत नव्हतं. स्ट्रेचरवरून आईनं मला जवळ बोलावलं. "बाजारात सांबार कसा आहे, पाहून ठेवजो."

मी हो म्हटलं. "काही होत नाही" असंही म्हणायचं होतं, पण मला ते म्हणवलं नाही.