पानांच्या गोणीतलं पिल्लू

शेजारच्या मावशी नसत्या तर कासवाचं ते पिल्लू माझ्याच हातून मेलं असतं. परवा विडीच्या ओल्या पानांचा वास आला आणि सगळं आठवलं. बहात्तर साली, सातवीतच शाळा सुटून, लग्न होऊन मी कोकणातून संगमनेरला आले. सासरी विड्या वळायचं काम. अजून कुणाशी धड बोललेही नव्हते. एक दिवस रानातून आलेल्या पानांची गोणी सोडली, तर आत लिंबाएवढं कासव. आमच्याकडे कोकणात कासव विहिरीतलं, म्हणून मी त्याला भरल्या बादलीत सोडलं. ते पाय मारून मारून दमलं आणि तळाला जायला लागलं. माझं रडणं ऐकून मावशी आल्या. "अगं कोकनवाले, पाय बघ की त्याचे. ह्ये रानातलं हाय, पवनारं न्हाई," म्हणत त्यांनी त्याला उचललं. मग परसात आम्ही विटांचा चौकोन रचला, आत कोरडी माती, अर्ध्या भागावर गोणपाटाची सावली आणि पाण्याला फक्त एक पणती. "वाटी नगं, परत बुडवशील," म्हणाल्या, आणि मी सासरी पहिल्यांदा हसले. संध्याकाळी पिल्लानं मान काढून मेथीचं पान कुरतडलं. मावशींचे हात आता चालत नाहीत, त्या लेकीकडे असतात. एकदा त्यांना महिनाभर माझ्या घरी आणीन आणि माझ्या हातानं भरवीन, हा माझा शब्द आहे.