दोन डाव्या बाह्या

शोभावहिनींच्या ब्लाउजला माणिकताईंनी दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. अठरा वर्षं मशीन चालवणारी बाई, कापड जरीकाठी आणि छप्पन सालची दिवाळी तोंडावर. उज्जैनच्या माधवनगरात ही बातमी पसरायला संध्याकाळ लागली नाही, कारण बातमी शोभावहिनींकडे होती. वहिनी एकदा सुरू झाल्या की उताराला लागलेला तांगा.

"तबियत बरी आहे ना माणिकताई? देवानं मला एक हात उजवा दिलाय हो. की नव्या राज्यात आता सगळ्यांना डावेच मिळणार? आमचे हे म्हणतात, राजधानी केली तरी भोपाळला आहे काय, एक तलाव अन् त्यातले मच्छर. पण फायली तर ट्रकनं चालल्या. तुमच्या डॉक्टरीणबाईसुद्धा येत्या मंगळवारी निघाल्या म्हणे. आता जनाना दवाखान्यात पुरुष डॉक्टर येणार. मी तर बाई मरेन, पण दाखवणार नाही."

माणिकताईंनी तोंडात चार टाचण्या धरल्या आणि चुकलेली बाही उसवायला घेतली.

नवरात्रात अंघोळ करताना साबणाचा हात डाव्या छातीवरून काखेकडे गेला होता आणि मध्येच अडला होता. वाटाण्याएवढं काहीतरी, कडक, जागचं न हलणारं. दुखत नव्हतं. दुखलं असतं तर बरं, असं त्यांना वाटे. दुखणाऱ्या गोष्टीला निदान लेप लावता येतो. तेव्हापासून त्या रोज न्हाणीघरात तीच जागा चाचपत. वाटाणा तिथेच असे.

देवासच्या मावशीचं असंच झालं होतं. काय झालं ते कोणी उच्चारलं नव्हतं. 'तिला बरं नाही', एवढंच. मावशीच्या खोलीत दिवसरात्र ऊद जळायचा आणि पोरांना आत जायची बंदी. अकरा वर्षांच्या माणिकनं दाराच्या फटीतून पाहिलं, तर मावशी भिंतीकडे तोंड करून, चोळीवर पदराची घडी दाबून बसली होती. चैत्रात ती खोली धुऊन काढली. उदाचा वास आला की माणिकताई अजून उठून खिडकी उघडायच्या.

घरी सांगायचं कोणाला? सासूबाई, म्हणजे माई, यांचं प्रत्येक वाक्य 'आमच्या वेळी'नं सुरू व्हायचं. "आमच्या वेळी बाईच्या अंगाचं अंगातच राहायचं. चौकात नाही मांडलं कोणी." आणि यजमान श्रीपादराव स्टेशनवर तिकिटं देत, ते घरीही खिडकीतूनच बोलत. "हं, बोला." आणि समोरचं माणूस श्वास घेईपर्यंत, "पुढे."

रविवारी माणिकताई पिशवीत टेप घालून डॉक्टरीण विजयाबाईंच्या क्वार्टरवर गेल्या. निमित्त होतं. त्यांचे ब्लाउज माणिकताईच शिवत. खोलीभर पेट्या, दोरखंड, गवतात गुंडाळलेल्या बाटल्या.

"या. भोपाळला शिंपी कसा मिळेल कोण जाणे, तीन शिवून टाका," विजयाबाई हात पसरून उभ्या राहिल्या.

माणिकताईंनी टेप छातीभोवती नेली. छत्तीस. आकडा लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला.

"बाई, माझं एक गिऱ्हाईक आहे," त्या पाठीमागून म्हणाल्या. पाठीशी बोलणं सोपं होतं. "तिला इथे काही लागतं हाताला. दुखत बिलकुल नाही. मग काळजी नाही ना?"

"दुखत नाही म्हणूनच दाखवायचं. दुखलं असतं तर ती आपणहून आली असती. किती मोठं आहे?"

"वाटाण्याएवढं."

"हलतं?"

"नाही हलत."

"कातडी ओढल्यासारखी? बोंड आत गेलंय?"

"नाही. तसं नाही." हे उत्तर जरा फार लवकर आलं.

विजयाबाई वळल्या नाहीत. "तुमच्या हाताखालून अर्ध्या उज्जैनच्या बायका जातात माणिकताई. तुमचं माप कोण घेतं?"

टेप खाली पडली. माणिकताई ती उचलायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

विजयाबाईंनी दाराला कडी घातली, पलंगावरचे कागद बाजूला सारले. "निजा. डावा हात डोक्याखाली घ्या."

हुक निघेनात. स्वतः शिवलेले, स्वतः घट्ट बसवलेले. विजयाबाईंनीच ते काढले. त्यांची तीन बोटं, टोकांनी नव्हे, सपाट, गोल गोल फिरत वर सरकत होती. थंड होती. माणिकताईंनी छताकडे पाहिलं आणि मावशीला हे कोणी केलं नव्हतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. बोटं अडली. मग काखेत गेली, तिथे बराच वेळ थांबली.

"काखेत काही लागत नाही. हे चांगलं. पण हे काढायला लागेल. काढून तपासतील, मग कळेल. वाईट निघालं तर सगळी बाजू काढतील. मी खोटं सांगणार नाही."

"मरेन का?"

"घरी ऊद जाळत बसलात तर मराल." माणिकताई दचकल्या. उदाचं त्या बोलल्याच नव्हत्या. विजयाबाईंनी अशा खोल्या पुष्कळ पाहिल्या असाव्यात. "इंदूरच्या सर्जनना चिठ्ठी देते. दिवाळीनंतर नाही. परवा."

चिठ्ठी पोलक्यात ठेवून माणिकताई टावरवरून स्टेशनपर्यंत चालत आल्या, आणि चालताना दोनदा वाटलं की फाडून टाकावी. श्रीपादराव तिकीटखिडकीवर होते. त्या रांगेत उभ्या राहिल्या. पुढे तीन माणसं होती, मग दोन, मग कोणी नाही.

"हं, बोला," मान वर न करता ते म्हणाले.

त्यांनी चिठ्ठी आत सरकवली. श्रीपादरावांनी वाचली. परत वाचली. मागून कोणीतरी ओरडलं, "बाबूजी, एक नागदा." या वेळी ते 'पुढे' म्हणाले नाहीत.

"इंदूर, दोन," त्या म्हणाल्या. "परतीचं... मला ठाऊक नाही."

"परतीची दोन," ते म्हणाले. त्यांनी शिक्का मारला, तारीख वाकडी उमटली.

बाजू काढावी लागली. माणिकताई त्यानंतर डाव्या बाजूला धुतलेल्या कापसाची गादी शिवलेले ब्लाउज घालू लागल्या आणि चार महिन्यांनी मशीनवर बसल्या. माई म्हणाल्या, "आमच्या वेळी," आणि पुढचं बोलल्याच नाहीत.

गिऱ्हाइकांची तक्रार वाढली की माणिकताई मापाला फार वेळ लावतात. टेप खाली ठेवून तीन बोटं सपाट फिरवतात. शोभावहिनी तर हसून गडबडा लोळत. "अहो, ब्लाउज शिवताय की कणीक मळताय?"

"हात वर घ्या, वहिनी."

वहिनी बोलतच राहत. काखेपर्यंत बोटं जाऊन परत येईतो माणिकताई श्वास घेत नसत.